नडगीवरची विभूती

अव्वा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझा आवाज आठवायचा म्हटलं तर आधी तुझं ओरडणं आठवावं लागतं. ते मात्र लगेच येतं. मी चुलीपुढं पाय पसरून बसलेला, आणि तू भाकरी थापता थापता, मान न वळवता, "पाय आत घे की, भाजशील!" आज जे सांगायचंय ते पायाचंच आहे, म्हणून हेच वाक्य पुढं आलं असेल. माझा उजवा पाय, गुडघ्याखाली, नडगीवर, उघडा पडलाय. कातडी गेली, मांस गेलं, आणि मधोमध हाड दिसतंय. स्वतःचं हाड स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं म्हणजे काय असतं ते तुला कसं सांगू. जे मेल्यावरच लोकांनी बघायचं ते मी सकाळी पट्टी सुटली की बघतो, वर चहा पितो.

उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेली. टेंभुर्णीचा तो गर्दीचा थांबा, मोडनिंबला धावत येऊन चढणारी पोरं, पावसात घसरणारी पायरी, सगळं सोसलं आणि नखाला धक्का लागला नाही. आणि रिटायर झाल्यावर सोलापुरात सात रस्त्यावर, हातात मेथीची पिशवी, दोन्ही बाजूला बघून सरळ रस्ता ओलांडताना एका टेम्पोनं उडवलं. मेथी शाबूत राहिली म्हणे. आता पायात बाहेरून सळ्या घातल्यात, हाडाला भोकं पाडून. कुशीवर वळता येत नाही. उठून खिडकीपर्यंत जाता येत नाही, आणि खिडकीतून तरी काय, समोर भिंत आणि तिच्यावर एक जुनी पाण्याची टाकी. रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजतो तो मला ऐकू येतो. गाडी कुठली, ड्रायव्हर कसला, सगळं कळतं, आणि मी इथं उताणा. तुला माहीत आहे मी लहानपणी जेवायलासुद्धा एका जागी बसत नव्हतो. रडायला येतं गं. वॉर्डात मोठ्या माणसानं रडायचं नसतं म्हणून डोळ्यावर टॉवेल टाकून पडतो, मग सिस्टर विचारते, "काका, उजेड लागतोय का?"

इथं एक तरुण डॉक्टरीणबाई आहे, अजून शिकतीय, आपल्या नातीएवढी वाटते. पहिल्या दिवशी खुर्ची ओढून बसली आणि मला सगळं नीट समजावून सांगितलं. म्हणाली, काका, हाडावर एक पातळ साल असते, तिच्यातून हाडाला रक्त मिळतं. तुमची ती साल निघून गेलीय. हाड आता उघडं राहिलं आणि वाळलं, तर वरचा थर मरतो. ओलं राहिलं तर आजूबाजूचं मांस हळूहळू त्याच्यावर सरकत येतं. दुसरीकडचं मांस फिरवून लावायचं ऑपरेशन असतं, पण तुमची शुगर आणि पायाच्या रक्तवाहिन्या बघता मोठे सर आत्ता नको म्हणतात. मी म्हटलं, म्हणजे कडक भाकरीसारखं, वाळलं की संपलं. ती सोलापूरचीच, हसली. मी म्हटलं, पण बाई, कडक भाकरी आमटीत बुडवली की पुन्हा मऊ होते की. म्हणाली, "हाड नाही होत, काका." तेवढं बोलताना मात्र हसली नाही.

तिचा अभ्यास असा, की ज्यांचं हाड उघडं पडलंय त्यांच्यावर दोन तऱ्हेची ड्रेसिंगं करून बघायची आणि कशानं मांस लवकर आणि चांगलं भरतं ते ताडून बघायचं. एक तऱ्हा म्हणजे जेल. थंडगार, फिक्या लापशीसारखं असतं ते. ते हाडावर लावायचं, वर सलाईनमध्ये भिजवलेली जाळीची पट्टी, वर कापसाची गादी. दुसरी तऱ्हा मशीनची. जखमेत काळा स्पंज बसवतात, वरून पारदर्शक चिकट कागद लावून सगळं हवाबंद करतात, आणि एक नळी. मशीन आतलं घाण पाणी ओढत राहतं. कुणाला काय ते डॉक्टरच्या मर्जीवर नाही, बंद पाकीट फोडायचं, निघेल ते. माझ्या पाकिटात जेल निघालं. सही घेताना म्हणाली, काका, तुम्हाला वाटेल तेव्हा यातून बाहेर पडता येईल. मी सळ्यांकडं बघितलं आणि म्हटलं, बाई, मला कशातूनही बाहेर पडता आलं तरी पुष्कळ झालं.

शेजारच्या कॉटवर सांगोल्याकडचा एक मेंढरंवाला आहे. माझ्याच वयाचा, फेटा उशाशी, मिशा अजून ताठ. ट्रॅक्टरवरनं पडला. त्याच्या पाकिटात मशीन निघालं. ते दिवसभर गुरगुरतं. "कंडक्टर, हे लई गुरगुरतंय की. मेंढरात वाघरू शिरल्यावानी वाटतंय," असं म्हणतो आणि नळीला धरून शिव्या देतो. आमच्यात पैज नव्हती, पण दोन-तीन दिवसांनी त्याचा स्पंज बदलायला काढला की आम्ही एकमेकांच्या जखमा बघायचो. एकाच थांब्यावरनं दोन गाड्या सुटल्यासारखं झालं होतं. त्याच्या हाडाच्या कडेनं लाल, दाणेदार मांस चढायला लागलं. डाळिंबाचे दाणे पसरावेत तसं. माझंही सुरुवातीला चढत होतं. मग थांबलं. मग हाड पिवळट दिसायला लागलं, निस्तेज. "तुमचं काय बरुबर दिसत न्हाय, कंडक्टर," तो म्हणाला आणि नजर वळवली. ज्यानं आयुष्यभर जनावरांच्या जखमा बघितल्या त्यानं नजर वळवली.

का थांबलं ते मला माहीत होतं. म्हणून तर तुला लिहायला बसलोय.

तुला तो माझा गुडघा आठवतो का? मी एसटीच्या मागच्या शिडीला लोंबकळलो, गाडी सुटली, आणि मी पाणंदीच्या दगडावर आपटलो. गुडघा फुटला, आत पांढरं दिसत होतं. तू देवघरातनं विभूती आणलीस, "शिवा शिवा" म्हणत चिमूटभर जखमेत भरलीस आणि लुगड्याची चिंधी बांधलीस. मी ओरडत होतो आणि तू माझ्याहून मोठ्यानं ओरडत होतीस, "मर मेल्या, लोंबकळ अजून!" मग गुडघा सुजला, पू झाला, ताप आला. तू मला कडेवर घेऊन सोलापूरला आलीस, त्याच एसटीनं. मी काही लहान नव्हतो, पाय लोंबत होते तुझ्या गुडघ्यापर्यंत. सात रस्त्यापाशी एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी जखम धुतली, आतली राख काढून तुझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "बाई, देवाचं देवापाशी ठेवा की. जखमेला ते काय करायचंय?" तू पदर तोंडात धरलास. मग परतीची गाडी. मला अजून दिसतंय, तू खिडकीबाहेर बघतीयस आणि तुझी हनुवटी थरथरतीय, आणि मला वाटतंय की गुडघ्यापेक्षा तुलाच जास्त लागलंय.

त्या दिवसापासून तू रोज पाणी उकळायचीस, गार करायचीस, आणि दुरडीतल्या भाकरीवर झाकायचं ते पांढरं फडकं, धुऊन, उकळून, त्यात भिजवून माझ्या गुडघ्यावर ठेवायचीस. वाळलं की पुन्हा. भाकरी मऊ राहावी म्हणून जे करायचीस तेच. मी चुलीपाशी पाय आत घेऊन बसायचो, तू भाकरी थापायचीस, मधेच हात पुसून फडकं बदलायचीस. गुडघा भरला. मग शेजारच्या काकू बघायला आल्या, म्हणाल्या, काय गं लावलंस, किती छान भरलंय. आणि तू एकदम ताठ होऊन म्हणालीस, "देवाची विभूती, दुसरं काय?" मी तोंड उघडलं तर मांडीला असा चिमटा काढलास की गुडघ्याचं दुखणं परवडलं. मी गप्प बसलो. मला ते आवडलंच होतं. गाडीतली ती थरथरणारी हनुवटी पुन्हा बघायची नव्हती मला.

पुढं ती गोष्ट मीच वाढवली. लग्नात सांगितली, डेपोत सांगितली, घाटात गाडी बंद पडली की प्रवाशांना सांगितली. माझ्या अव्वाच्या हाताला गुण होता, चिमूटभर विभूती आणि गुडघा लोखंडासारखा! पँट वर करून खूणही दाखवायचो. डॉक्टर गेला, पू गेला, फडकं गेलं, गोष्टीत राहिलीस तू आणि तुझी विभूती. सगळ्यात जास्त वेळा ती ऐकली माझ्या बायकोनं, तुझ्या सुनेनं. तिनं तर ती मनात देवासारखी बसवली.

मी इथं आल्यापासून ती रोज दुपारी डबा घेऊन येते. एके दिवशी सिस्टर जेवायला गेल्यावर तिनं पदराची गाठ सोडली. कागदाच्या पुडीत विभूती, आपल्या देवघरातली. म्हणाली, "अहो, गप पडा. अव्वांचा गुण आहे तो, वाया जायचा नाही." पट्टीचं टोक सोडलं, गादी उचलली, ओली जाळी बाजूला केली, आणि एका बोटानं हाडावर विभूती लावली. मग होतं तसं बांधून ठेवलं. मी "अगं, अगं" म्हटलं, पण तिच्या तोंडाकडं बघून थांबलो. अपघातापासून पहिल्यांदाच तिच्या तोंडावर जरा धीर दिसत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोजच. राख ती, ओल पिऊन टाकणारच. जेलचा ओला थर सकाळपर्यंत वाळून पांढरी खपली व्हायचा. मला सगळं कळत होतं, अव्वा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बोलावं तर तिचा धीर जातो आणि तुझं नाव जातं, न बोलावं तर पाय जातो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी सळ्यांनी मधे अडकवलेला.

डॉक्टरीणबाईला काही कळेना. ती पांढरा थर चिमट्यानं काढायची, धुवायची, वास घ्यायची, पुन्हा जेल लावायची. शेवटी गेल्या आठवड्यात तिचा तोल गेला. सकाळच्या सिस्टरला माझ्यासमोरच म्हणाली, "तुम्ही जाळी भिजवता की नुसती दाखवता? हे हाड माझ्या डोळ्यांदेखत वाळतंय!" सिस्टर म्हणाली, मॅडम, मी स्वतः भिजवते. "मग जेलच वाईट आहे," बाई म्हणाली, "बाकीच्या पेशंटचंही बंद करायला पाहिजे." मग माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून म्हणाली, काका, मोठे सर येऊन बघणार आहेत. हाड खोलवर मेलं असेल तर पायाचा विचार वेगळा करावा लागेल. पायाचा विचार वेगळा, म्हणजे काय ते मला कळलं. सिस्टर ट्रे उचलून गेली. तिचे डोळे भरले होते, आणि ती आपली बिचारी रोज माझ्याशी हसून बोलणारी पोरगी. मेंढरंवाल्यानं दुपारचं सगळं बघितलेलं होतं. तो छताकडं बघत म्हणाला, "कंडक्टर, आता घंटी मारा. नायतर गाडी दरीत जाती."

तुझी सून आली. डबा ठेवला, पदराला हात घातला. मी तिचा हात धरला. म्हटलं, थांब. आज नको. म्हणाली, का हो? मी म्हटलं, अव्वानं विभूती जखमेला लावलीच नव्हती. म्हणाली, मग? मी म्हटलं, कपाळाला लावली होती. जखमेवर नुसतं ओलं फडकं ठेवायची, भाकरीवरचं.  मग ती कडाडली, सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "यप्पा! मग इतकी वर्षं काय सांगत होता हो तुम्ही? माझ्या माहेरी सांगितलंत, व्याह्यांना सांगितलंत, गुडघा उघडा करून दाखवलात! मी पायात राख भरतीय आणि तुम्ही बघत पडलाय? तोंड शिवलं होतं का?" मी म्हटलं, अव्वाचं नाव राखायचं होतं. "अव्वांच्या नावाला काय धाड भरली होती? पाय कुणाचा आहे?" आणि तिनं डोक्याला हात लावला, खाली बसली आणि रडली. "माझ्या हातानं केलं हो मी. माझ्या हातानं."

मला वाटलं आता ती घरी जाईल. पण तुझी सून तुझ्यापेक्षा जास्त धीराची आहे, राग मानू नकोस. तिनं तोंड धुतलं, पुडी हातात उघडीच धरली आणि सरळ डॉक्टरीणबाईसमोर जाऊन उभी राहिली. सिस्टरलाही हाक मारून घेतली. "तुमचं जेल चांगलं आहे. हिनं जाळी पण भिजवली होती. हे मी घालत होते. काय बोलायचं ते मला बोला." मी कॉटवरनं सगळं ऐकत होतो. बाईनं पुडी मागून घेतली. मग म्हणाली, "मावशी, रोज?" तुझी सून म्हणाली, रोज. बाई माझ्याकडं आली. ओरडेल म्हणून मी डोळे मिटले. ती एवढंच म्हणाली, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं." खरंच विचारलं होतं तिनं, पट्टीत कुणी काही घालतंय का म्हणून, आणि दोनदा. म्हणाली, आता तुम्हाला माझ्या तुलनेत धरता येणार नाही, पण काय झालं ते जसंच्या तसं लिहीन. म्हणजे मला मधल्या थांब्यावर उतरवलं. आयुष्यभर मी लोकांना उतरवलं, आता कळलं की कसं वाटतं.

मोठ्या सरांनी मला थिएटरात नेलं. कमरेखाली भूल दिलेली, म्हणून आवाज ऐकू येत होता. छिन्नीचा बारीक टकटक आवाज, सुतार चौकट तासतो तसा. वरचा मेलेला थर तासायचा आणि रक्त दिसेपर्यंत तासत जायचं. रक्त दिसलं तर खालचं हाड जिवंत. दिसलंच नाही तर ते वेगळं. मी टक्क जागा, पडद्याच्या अलीकडं, आणि पलीकडं माझा पाय राहणार की जाणार ते चाललेलं. तुझं नाव घेतलं नाही मी, खोटं कशाला सांगू, त्या सिस्टरचं तोंड डोळ्यापुढं येत होतं. टकटक थांबली. मग डॉक्टरीणबाईचा आवाज आला, "सर, ठिपके! इथं, आणि इथंसुद्धा!" पडद्यावरनं डोकावून म्हणाली, "काका, रक्त आलं." आपलं रक्त आलं म्हणून आनंदानं रडणारा मी पहिलाच माणूस असेन.

आता मलाही मशीन लावलंय. पाकीट न फोडता मिळालं. हवाबंद केल्यामुळं त्यात कुणालाच बोट घालता येत नाही, तेही एक बरंच आहे. नळी कॉटच्या दांड्याला बांधलेली, त्यामुळं आधी जेवढं सरकता येत होतं तेवढंही आता येत नाही. शेजारचं एक गुरगुरतं, माझं एक. मेंढरंवाला म्हणतो, "आता कळप झाला बगा." बाई म्हणते अजून बरेच आठवडे, मग कातडी लावायची, मग चालायचं बघू. हॉर्न वाजतात. टाकीवर कावळा येऊन बसतो. मला गाडी सोडायच्या दोन घंट्या कुणी देईना.

काल दुपारी तुझ्या सुनेनं डबा उघडला, मला भरवलं, आणि मग हात मांडीवर घेऊन नुसती बसली. सवयीनं पदराची गाठ चाचपली, आणि सोडून दिली. मी म्हटलं, आणलीस का? म्हणाली, "आणली की. पण आता कुठं लावू?" मी कपाळ पुढं केलं. तिनं लावली. थोडी डोळ्यात गेली, मी चोळला नाही.

कपाळाचं मी तिला खोटं सांगितलं, ते तुला माहीतच आहे. जखमेतली राख डॉक्टरांनी काढून दाखवली ते तुझं-माझंच राहू दे. म्हणून हे पत्र ती यायच्या आत फाडून, सिस्टरला सांगून, पट्ट्या टाकतात त्या पिवळ्या बादलीत टाकणार आहे. तुझी सून अक्षर न अक्षर वाचते, आणि वाचलं की पुन्हा वॉर्ड गोळा करेल.

पण एक राहिलं. तिला मी म्हटलं की अव्वाचं नाव राखायचं होतं म्हणून गप्प बसलो, आणि तुलाही तेच सांगायचं ठरवून लिहायला घेतलं होतं. ते तसं नाही, अव्वा. इथं सगळे मला हातमोजे घालून हात लावतात. भली माणसं आहेत, पण रबराचे हात. ती एकटीच उघड्या बोटानं लावायची. हाडाला ते बोट कळत नाही, कडेच्या मांसाला कळतं, म्हणून ते सरकत कडेपर्यंत कधी येतंय याची मी दुपारभर वाट बघायचो. तेवढं एक बोट बंद होऊ नये म्हणून मी पाय घालवायला निघालो होतो.